चौथीच्या ब्लॉगवर आलेला प्रश्न

वर्गाचा ब्लॉग काढायचं माझ्या डोक्यात आलं ते निबंध तपासायचा कंटाळा आला म्हणून. त्यामागे दुसरं कुठलंही थोर कारण नव्हतं. सिल्वासातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. त्या वर्षी वर्गात चौतीस मुलं होती आणि ‘माझी आई’ या विषयावरच्या चौतीस वह्यांत एकच आई होती. ती पहाटे उठायची, अंगणात सडा घालायची, तुळशीला पाणी घालायची आणि मुलांना चांगले संस्कार द्यायची. खरं म्हणजे माझ्या वर्गातल्या निम्म्या आया कंपनीत पाळीला जाणाऱ्या. नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली कुटुंबं. चाळीतली एक खोली, दारात चपला काढायलाही जागा नाही, तिथे सडा कुठे घालणार? ती आई मुलांनी गाईडमधून उचलली होती आणि मी तिच्याखाली ‘छान’ असं लिहून सह्या करत सुटले होते. विसाव्या का बाविसाव्या वहीला माझा हात थांबला. मला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच सुमारास शाळेत नवीन लागलेल्या एका शिक्षिकेने मला तिच्या बहिणीचा स्वयंपाकाचा ब्लॉग दाखवला. बहीण पदार्थ लिहायची आणि खाली लोक विचारायचे, गूळ किती, पाणी किती, आमचं पीठ सैल का झालं. मला त्या पदार्थांपेक्षा खालचे प्रश्न आवडले. माझ्या मुलांना आजवर असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांचं लिखाण वाचणारी एकटी मी, आणि मला उत्तरं आधीच माहीत असायची.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते मुंबईचे. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, आणि त्या काळात काही नवं घडू नये अशी त्यांची साधी इच्छा होती.

“मुलांना अजून काना-मात्रा धड येत नाही, आणि तुम्ही ते जगाला दाखवणार?” ते म्हणाले.

“जगाला दाखवायचं म्हटलं की येईल, सर.”

त्यांनी जरा विचार केला. “बघा. पण वर जे जाईल त्याची जबाबदारी तुमची.”

“हो, माझी,” मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की ते वाक्य नंतर मला पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

आमच्या संगणक खोलीत चार संगणक होते, त्यातले दोन चालू. शुक्रवारचे शेवटचे दोन तास मी ब्लॉगला दिले. मुलं आधी वहीत लिहीत, शेजारच्याला वाचून दाखवत, खोडत, पुन्हा लिहीत आणि मग दोघं-दोघं मिळून टाइप करत. एकाने ‘प्रसन्न’ शब्दावर पाऊण तास घालवल्याचं मला आठवतं. टाकलेल्या लेखाची लिंक मी पालकांच्या ग्रुपवर पाठवायची. तिथून ती कुठे कुठे जायची. गावाकडचे काका, मावश्या, सुरतेला गेलेला कोणी आतेभाऊ.

पहिल्या आठवड्यात एका काकांचा शेरा आला, ‘छान’. मुलांनी तो मोठ्याने वाचला. एक मुलगी म्हणाली, “पण काय छान, ते नाही सांगितलं.” मी खाली बघून हसले. मग एका मुलीने दुधनीच्या आजोबांवर लिहिलं. ते मधुबन धरणाच्या पाण्यात होडीतून मासे धरायला जातात. तिने लिहिलं होतं, आजोबा जाळं टाकतात आणि मासे येतात. खाली कोणीतरी विचारलं, जाळं पाण्यात खाली कसं जातं? तरंगत नाही का? मुलगी गांगरली. तिला माहीत नव्हतं. रविवारी ती दुधनीला गेली, आजोबांना विचारून आली आणि सोमवारी तिने न सांगता अर्धं पान लिहिलं. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी कसे ओवतात, ते दातांनी कसे आवळतात, आजोबांचे पुढचे दात त्यामुळेच गेलेत असं आजी म्हणते. त्या दिवशी मी फळ्यावर एक ओळ लिहिली. ‘दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही, असं लिहा.’ ती वर्षभर तिथेच राहिली. वर्गनायिका रोज फळा पुसताना तेवढी सोडून पुसायची.

दिवाळीनंतर एक मुलगी वर्गात आली. राखोलीहून शाळेच्या रिक्षाने यायची. तिच्याबरोबर आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. तो मागाहून आणतो, असं तिच्या आईने सांगितलं होतं. अर्जावर वडिलांच्या कामाच्या जागी लिहिलं होतं, ‘बाहेरगावी’. मी ते वाचलं आणि पुढचा अर्ज घेतला. आमच्याकडे पुष्कळांचे वडील बाहेरगावी असतात.

ब्लॉगसाठी त्या मुलीने महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही. विचारलं की मान खाली. तिचं बोलणं अहिराणीचं होतं आणि पहिल्याच आठवड्यात मी तिच्या वहीतल्या ‘शे’वर लाल रेघ मारून वर ‘आहे’ लिहिलं होतं. बहुधा त्यामुळेच तिने पेन खाली ठेवलं होतं. ते लक्षात आल्यावर मी तिला बोलावून म्हटलं, “घरी बोलतेस तसं लिही. मी काही खोडणार नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. खरं वाटलं नसावं.

पण पुढच्या शुक्रवारी तिने वही आणून दिली. तिने लिहिलं होतं ते मला जवळजवळ पाठ आहे. ‘मनी’ म्हणजे माझी, आणि कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ.

‘मी आणि मनी माय राखोलीला राहतो. आमची खोली पुलाच्या जवळ शे. खाली चहाचं दुकान शे. त्याला निळं शटर शे. माय धाग्याच्या कंपनीत जाते. ती येते तेव्हा तिच्या केसात धाग्याचे बारीक तुकडे राहतात. मी ते वेचते. एकदा मी मोजले. एकोणचाळीस निघाले. मग माय कळण्याची भाकर करते. भाकर तव्यावर टाकली का ती वरून पाणी फिरवते आणि तीन बोटं दाबते. मी म्हटलं का दाबते. ती म्हणे मनी माय दाबायची. मी म्हटलं ती का दाबायची. मग माय काही बोलली नाही.’

मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना दाखवायला धावले. एकही ‘शे’ न बदलता त्याच दिवशी तो लेख ब्लॉगवर टाकला. तिने काढलेलं चित्र टाकलं. त्यात पूल होता, निळं शटर होतं आणि जिन्यावरची खोली होती. खाली तिचं नाव. ग्रुपवर लिंक पाठवताना मी लिहिलं, ‘जरूर वाचा आणि सर्वांना पाठवा.’

सोमवारी दुसऱ्या तासाला तिची आई वर्गाच्या दारात उभी राहिली. अंगावर कंपनीचा निळा डगला, केस रुमालात बांधलेले. कामावरून तशीच निघाली होती. मुलीने बाकावरून तिला पाहिलं आणि ती हसली. आई हसली नाही.

मी बाहेर व्हरांड्यात गेले.

“मॅडम, ते मोबाइलवर आलंय ते तुम्ही टाकलं का?”

“हो. किती सुंदर लिहिलंय तिने! मी तुम्हाला बोलावणारच होते...”

“पुसून टाका.”

“का? काय झालं?”

“आधी पुसा, मॅडम. मग सांगते.”

वर्गावर मॉनिटर बसवून मी तिला संगणक खोलीत नेलं. संगणक सुरू व्हायला नेहमीचाच वेळ घेत होता. तेवढ्यात तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली होती. तो मारायचा. एकदा तिने डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं, ते नीट वळत नव्हतं. त्याआधी दोनदा ती माहेरी गेली होती आणि दोन्ही वेळा सख्ख्या भावाने समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं होतं. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेलीच नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने सिल्वासाला कंपन्यांत काम मिळतं असं सांगितलं, म्हणून इथे उतरली. तेव्हापासून तिने गावाकडच्या एकालाही फोन केला नव्हता. स्वतःच्या आईलासुद्धा.

“माझ्या लाइनीतल्या बाईने मला दाखवलं. म्हणे, बघ तुझ्या पोरीने काय भारी लिहिलं. तिला तिच्या गावाहून आलं होतं, मॅडम. तिचं गाव आमच्या तालुक्यात आहे.”

‘सर्वांना पाठवा’ असं मीच लिहिलं होतं.

ब्लॉग उघडला. लेख काढून टाकण्याआधी मला दिसलं की त्याच्याखाली एक शेरा येऊन थांबलेला आहे. आलेला शेरा मी मंजूर केल्याशिवाय दिसत नाही, अशी सोय मी करून घेतली होती. मी तो उघडला. माझ्या खांद्यामागून तीही वाचत होती, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत.

‘ही भाकर मी ओळखतो. पोरीची माय बरी आहे का. राखोलीत नेमकं कुठे राहता.’

खाली नाव नव्हतं.

ती मागच्या बाकावर बसली. मी लेख काढला, चित्र काढलं, ग्रुपवरचा संदेश काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग विचारलं, “तुम्हाला कोण वाटतं?”

“पोरीचं नाव टाकलंय, गाव टाकलंय. कोणी पण असेल.”

“पण भाकरी ओळखणारं कोण?”

“माझ्या हातचं नऊ वर्षं जेवला तो,” ती म्हणाली. “त्याला पण माहीत. भावाला पण माहीत.” तिने डोक्यावरचा रुमाल आवळला. “भाऊ असला तरी काय, तो मला त्यालाच नेऊन देईल.”

मी तिला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, माझी चूक कुठे झाली तेही सांगितलं. ओरडून घ्यायची तयारी ठेवूनच गेले होते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मुलगी आत्ता वर्गात आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग तुम्हाला ओरडायचं नंतर. आधी गेट.”

आमच्या गेटवर बसणाऱ्या बेन इथल्याच. मराठी समजतात, बोलतात मात्र गुजराती आणि हिंदी मिसळून. सरांनी त्यांना बोलावलं आणि समजावलं की या मुलीला आईखेरीज कोणाच्याही हाती द्यायचं नाही, आणि चौकशी करणाऱ्याला काही सांगायचं नाही. रिक्षा बंद केली. आईची पाळी चारला सुटायची. तोवर मुलगी माझ्याजवळ थांबेल असं ठरलं. सरांनी पोलिसांत जाऊन यायचं सुचवलं तेव्हा ती घाबरली. “ते नाव-गाव सगळं लिहितील, तिकडे फोन करतील.” सर म्हणाले, “बरं. आज नको. पण कोणी गेटवर दंगा केला तर मी तुम्हाला विचारत बसणार नाही.” ती तयार झाली. मग ती परत कामावर गेली. निदान अर्धा दिवस भरला असता; पूर्ण गैरहजेरी चालली नसती.

त्यानंतरचे चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शाळेसमोर मोटरसायकल थांबली की फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता माझा खडू थांबायचा. घरी नवऱ्याने एकदा म्हटलं, “तू मुद्दाम केलं नाहीस.” ते खरं होतं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. मी मुलांना शिकवलं होतं की दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही असं लिहा. तिने ते अगदी बरोबर केलं होतं, म्हणून तर ती ओळखू आली. गाईडमधली आई लिहिली असती तर जगात तिला कोणी शोधू शकलं नसतं. हा विचार मनात आला की मला शिकवायचीच भीती वाटू लागायची.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी वह्या घेऊन बसले होते आणि ती मुलगी समोरच्या बाकावर पेन्सिलीला टोक करत होती. टोक करून झालं तरी करतच राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “मॅडम, मी लिहिलेलं तुम्ही काढून टाकलं.”

“हो.”

“शे लिहिलं म्हणून?”

मी वही मिटली. तीन दिवस ती हे मनात घेऊन वर्गात बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

“नाही गं. शे लिहिलं म्हणून मुळीच नाही. तुझं सगळ्यात चांगलं होतं. पण तुमचं घर कुठे आहे ते सगळ्यांना सांगायला नको होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती चूक माझी. तू काही चुकलेलं नाहीस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबांना कळेल म्हणून?”

आईने तिला काहीच सांगितलेलं नाही असं मी धरून चालले होते. “तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“माय रात्री कडीला दोरी बांधते,” ती म्हणाली आणि पुन्हा टोक करू लागली.

शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर लगेच, गेटवरच्या बेन घाईने वर्गाकडे आल्या. “बेन, एक माणस आव्यो छे. पेली छोकरीनुं नाम ले छे.”

तिचं नाव घेत कोणी माणूस आला होता. मी मुलीकडे पाहिलं. ती वहीत काहीतरी रंगवत होती. शेजारच्या बाईंना माझ्या वर्गावर लक्ष ठेवायला सांगितलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि सरांना निरोप धाडून गेटवर गेले.

गेटच्या गजांपलीकडे पस्तिशीचा एक माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, शर्टाची कॉलर घामाने काळी. रात्रभर प्रवास केलेला दिसत होता. त्याने नमस्कार केला आणि मुलीचं नाव घेऊन विचारलं, ती इथेच शिकते ना?

“या शाळेत कोण आहे आणि कोण नाही, हे मी बाहेरच्या माणसाला सांगत नाही,” मी म्हटलं. आवाज मोठा निघाला.

मला वाटलं तो आता चिडेल. त्याने मान हलवली.

“बरोबर आहे, बाई. सांगू नका.” त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “ती इथे असली, तर तिच्या मायला फक्त निरोप द्या. तिचा भाऊ आलता म्हणा.”

तोवर सर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले होते. “तुम्ही भाऊच, कशावरून?” त्यांनी विचारलं.

त्याने आधार कार्ड काढलं. तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं, त्यालाही ते कळत होतं. मग तो सरांकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, गेटच्या कुलपाकडे बघत बोलला.

“दोनदा मीच तिला त्या घरी परत नेऊन घातलं. दुसऱ्या वेळी ती वाटेत बोलत नव्हती. तिचा हात सुजलेला होता, मी पाहिला. तरी नेलं. लोक काय म्हणतील म्हणून नेलं. हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तिला सांगा, मी न्यायला नाही आलो. भेटायला आलो.”

सरांनी विचारलं, “आणि तिचा नवरा?”

“त्याने दुसरी केली. दीड वर्ष झालं. पंचांपुढे बहिणीला मोकळं केलं, सुरतेला गेला. तिच्यामागे कोणीच नाही, सर. मी आणि माय, एवढेच शोधत होतो. मायला कोणीतरी तो लेख वाचून दाखवला. तीन बोटांचं ऐकलं आणि म्हातारी दोन दिवस जेवली नाही. मोबाइलवर मीच लिहिलं होतं. मग ते सगळंच गायब झालं. तेव्हा वाटलं, आपण तिला घाबरवलं.”

सरांनी एका कागदावर त्याचा नंबर घेतला आणि त्याला समोरच्या झाडाखाली बसायला सांगितलं. गेट उघडलं नाही. तो जाऊन बसला. बेननी थोड्या वेळाने गजांतून त्याला पाण्याची बाटली दिली.

सव्वाचारला आई आली. तिने मागच्या गल्लीने यावं असा निरोप आम्ही तिच्या कंपनीच्या गेटवर दिला होता. सरांच्या खोलीत तिला बसवून मी सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ‘दुसऱ्या वेळी ती वाटेत बोलत नव्हती’ हे ऐकलं आणि तिने डोळे मिटले.

“तोच आहे,” ती म्हणाली.

पण तरी उठली नाही. तिला आधी आईशी बोलायचं होतं. सरांच्या फोनवरून भावाने दिलेला गावाकडचा नंबर लावला. भावाने झाडाखालून गावाकडे शेजाऱ्याला कळवून ठेवलं होतं, त्यामुळे पलीकडे म्हातारी फोनपाशीच होती. दोघी काय बोलल्या ते मला धड कळलं नाही. त्यांची अहिराणी फार वेगाने चालली होती. आधी नुसतं ‘माय, माय’ एवढंच, मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मग हिने काहीतरी विचारलं, पलीकडून उत्तर आलं आणि ही हसली. डगल्याच्या बाहीने नाक पुसत हसली. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. “खरंच गेलाय तो सुरतेला. माय म्हणे, त्याने एकदा पण विचारलं नाही.” ती आपल्या हातांकडे बघत बसली. “मग दोन वर्षं मी कोणाला भीत होते, मॅडम?”

सर म्हणाले, “ते तेव्हा कोणाला माहीत होतं? निघालात म्हणून तर आज इथे बसलात. मुलगी चौथीत आहे.”

मग सरांनी स्वतः जाऊन गेट उघडलं.

भाऊ आत आला तो दारातच थांबला. तीही उठली नाही. “दोनदा,” ती म्हणाली. एवढंच. तो म्हणाला, “हो.” मग तिने शेजारची खुर्ची जराशी ओढली, आणि तो येऊन बसला. मी मुलीला घेऊन आले. तिला मामा ओळखू आला नाही; ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथून त्याला न्याहाळू लागली. तो म्हणाला, “एवढी झाली?” आणि पिशवी उघडायच्या निमित्ताने खाली वाकला, तो पुष्कळ वेळ वाकूनच राहिला.

मी वर्गात गेले. मुलं केव्हाच घरी गेली होती, बाक वेडेवाकडे पडले होते. दुपारी न उघडलेला डबा मी काढला आणि थंड पोळी, थंड वांग्याची भाजी सगळी संपवली. डब्याचं झाकणसुद्धा बोटाने पुसून घेतलं. चार दिवसांत पहिल्यांदा अन्नाला चव होती. मग मी बाकावर डोकं टेकलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती झोप. दहा मिनिटं असेल, पण गाढ.

जाग आली तेव्हा सर दारात उभे होते. “आता ओरडू?” त्यांनी विचारलं.

“ओरडा, सर.”

ते समोरच्या बाकावर बसले आणि खरोखरच ओरडले. पालकांना न विचारता चित्र टाकलं म्हणून, नाव टाकलं म्हणून, दाखला नसलेल्या मुलीची चौकशी केली नाही म्हणून. सगळं बरोबर होतं. शेवटी मी म्हटलं, “ब्लॉग बंद करते.”

“बंद करा असं मी म्हटलं का?” ते चिडून म्हणाले. “नीट करा.”

नीट कसं करायचं यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. नावं काढली, गावं काढली, घरांची चित्रं काढली. पण भाकरीचं काय? तीन बोटं ओळखीची ठरतील, हे कुठल्या नियमाने मला आधी कळलं असतं? ते फक्त घरातल्या माणसाला कळतं. म्हणून एकच खरा नियम केला. शुक्रवारी लिहिलेलं सोमवारी वर जायचं, आणि मधल्या दोन दिवसांत मुलाने ते घरी मोठ्याने वाचून दाखवायचं. घरच्यांनी हो म्हटलं तरच टाकायचं. कित्येकांच्या आयांना वाचता येत नाही, पण ऐकता सगळ्यांना येतं.

भीतीपोटी केलेल्या या नियमाने लिखाण सुधारेल असं मला वाटलं नव्हतं. पण मुलं सोमवारी खाडाखोड करून येऊ लागली. आई म्हणाली असं झालंच नव्हतं. बाबा म्हणाले तू मधलं विसरलीस. आजीने आणखी एक गोष्ट सांगितली. घरात न बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी त्या निमित्ताने बोलल्या गेल्या असाव्यात. काही लेख परतही आले, ‘नको’ म्हणून. ते मी कारण न विचारता वहीतच ठेवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकी गावाला गेल्या. भाऊ न्यायला आला होता. त्या परत येणार नाहीत असं मी मनाशी धरलं होतं, पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीच्या रांगेत ती मुलगी होती, मामाने घेतलेलं नवं दप्तर पाठीवर. आई गेटपर्यंत आली होती. मी विचारलं, “तिकडे राहावंसं नाही वाटलं?”

“तिकडे सगळे आहेत,” ती म्हणाली. “पण काम इथे आहे, मॅडम. खोली माझ्या नावावर आहे.” आणि मग जरा लाजून म्हणाली, “आता दिवाळीला जाऊ परत.”

त्या वर्षीच्या नव्या चौथीतही ब्लॉग सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी गलोंड्याच्या एका कंपनीत काम करणारे एक वडील मुलीचा हात धरून वर्गाच्या दाराशी आले. हातात तिची वही. मी पाहिलं मात्र, आणि जुन्या सवयीने माझी नजर आधी गेटकडे गेली.

“मॅडम, हिने लिहिलंय की मी घोरतो.”

“तुमची हरकत असेल तर नाही टाकणार,” मी लगेच म्हटलं.

“नाही, नाही, ते राहू द्या. घोरतो तर घोरतो.” त्यांनी वही माझ्यापुढे धरली. “पण दिवसा झोपतो म्हणून लिहिलंय, त्याने आळशी वाटतं. मी रात्रपाळी करून येतो, तेवढं तिला त्यात घालायला सांगा.”

मी मुलीला बाकावर जागा करून दिली. ते तिच्या शेजारी वाकून उभे राहिले आणि तिने ती ओळ घातली.